तीन नंबरची मिसिंग

संघपालवर चोरीचा आळ आला तो रविवारी संध्याकाळी, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, आणि तोही चारचौघांसमोर. वॉचमन गणपतराव खुर्ची टाकून बसले होते, शेजारच्या फ्लॅटवाल्यांचे दोन ड्रायव्हर गाड्यांवर फडकं मारत होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शोभाताई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टची वाट बघत होत्या. अनंत सरांना बोलायला नेमका हाच मुहूर्त सापडला.

"पेट्रोल विकतोस आणि त्यात रॉकेल ओततोस," सर म्हणाले. हातातला सर्व्हिस सेंटरचा कागद त्यांनी संघपालच्या नाकासमोर नाचवला. "हे बघ, लेखी दिलंय त्यांनी. इंधनात भेसळ असण्याची शक्यता. टाकी कोण भरतं? मी भरतो? सुमती भरते?"

संघपालच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. अकरा वर्षं तो या घरची गाडी चालवत होता. सर म्हणजे फिजिक्सचे नावाजलेले क्लासवाले. प्रतापनगरला घर, गोकुळपेठेत क्लास, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून स्टिअरिंगला हात नाही. सकाळी सोडायचं, दुपारी आणायचं, परत सोडायचं, परत आणायचं. सरांचा मुलगा गौरांग परदेशी शिकायला गेला तेव्हा विमानतळावर त्याच्या बॅगा उचलणारा संघपाल होता. आणि आज हा कागद.

"माफी माग," सर जरा आवाज खाली आणून म्हणाले. आपण फार उदार होत आहोत असं त्यांना वाटत असावं. "झालं ते कबूल कर. मी पोलिसात जाणार नाही, कामावरूनही काढणार नाही. विषय संपला."

"कबूल काय करू, सर?"

"तुला माहीत आहे काय ते."

"घासलेट रेशनमधून बंद झालं, सर. बाहेर शोधाले गेलं तं पेट्रोलच्या वर भाव सांगते. सस्तं विकून महाग टाकाले मी का येडा आहो?"

गाड्या पुसणाऱ्यांपैकी एकाला हसू आलं, त्याने ते खोकल्यात दडवलं. सरांचा चेहरा लाल झाला. "तुम्हा लोकांना तोंड फार फुटलंय अलीकडे."

संघपालने फडकं बॉनेटवर ठेवलं. नीट, घडी घालून ठेवलं.

"आमी लोक म्हंजे कोण, सर? ड्रायव्हर लोक, का आणखी कोणी?"

सर छताखालून गेलेल्या पाण्याच्या पाइपाकडे बघू लागले. लिफ्ट आली, दार उघडलं, दार मिटलं, लिफ्ट वर गेली. शोभाताई भाजीसकट तिथेच उभ्या. असल्या वेळी लिफ्टमध्ये शिरायला त्या काही खुळ्या नव्हत्या.

"उद्याचा दिवस गाडी मले द्या," संघपाल म्हणाला. "मिसिंग कोठून येते ते मी शोधतो. संध्याकाळी पाचले गाडी आणून उभी करतो. नाही सापडलं तं इथंच, या सगळ्यायसमोर माफी मांगतो अन् चावी ठेवून जातो. पण सापडलं तं तुमी इथंच, याच जागेवर म्हणाचं का संघपाल चोर नाही. चालते?"

"सिद्ध करणार म्हणतोस?" सर म्हणाले. सिद्ध करणं हा शब्द त्यांच्या आवडीचा. शिवाय सगळ्यांच्या देखत नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. "ठीक आहे. सिद्ध कर."

आता ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर मिसिंग म्हणजे असं. इंजिनात चार सिलिंडर असतात आणि चारही पाळीपाळीने जोर लावतात. चौघांनी मिळून जिन्यावरून कपाट चढवावं आणि मध्येच एकाने हात सोडावा, की उरलेले तिघे जसे झोकांडतात तशी गाडी झोकांडते. ठक होतं, धक्का बसतो, सीटवरचा माणूस पुढे येतो, समोर पिवळा दिवा लागतो. गाडी मिसिंग मारते म्हणतात ते हेच.

सरांच्या गाडीने पहिली मिसिंग मारली ती तीन आठवड्यांपूर्वी शंकरनगरच्या सिग्नलवर. सर मागे बसले होते, क्लासला उशीर झाला होता, आणि गाडी उभ्या जागी थरथरायला लागली. सर्व्हिस सेंटरने चारही प्लग बदलले. चौथ्या दिवशी परत तेच. मग त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली, त्यांच्याकडे ती एकदाही थरथरली नाही, आणि काहीच सापडलं नाही असं लिहायची लाज वाटली म्हणून भेसळीचं लिहून दिलं. घरी आणल्यावर परत मिसिंग. यात सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की संघपाल एकटा असला की गाडी लोण्यासारखी चालायची. सर बसले की खोकायची. हे त्याने स्वतः होऊन सरांना सांगितलं होतं, इमानदारीत. सरांनी ते लक्षात ठेवलं आणि वेळ आल्यावर त्याच्यावरच उलटवलं. मी बसतो तेव्हाच बरी बिघडते, म्हणजे करणारा तूच.

रात्रीच्या जेवणाआधी नंदनवनच्या घरी मेघाने सगळं ऐकून घेतलं. मेघा त्याची बायको, झेरॉक्सच्या दुकानात कामाला, आणि दिवसभर लोकांची घाई सोसून तिचा स्वभाव तसाही तिखट झालेला.

"अन् तुमी काय म्हटलं?"

"म्हटलं, दाखवतो शोधून."

"नाही सापडलं तं?"

"तं माफी मांगा लागन."

"न केलेल्या चोरीची माफी मांगाल तं मी उमरेडची बस पकडीन," ती म्हणाली. तिचं माहेर उमरेडला. "नोकरी गेली तं जाऊ द्या. दुसरी पाहू. पण चोर म्हणून जगाचं नाही आपल्याले."

संघपालला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नोकरीची भीती होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवा मालक शोधणं सोपं नसतं. पण त्याहून मोठी आग वेगळीच होती. ड्रायव्हरचं नाव एका पार्किंगमधून दुसऱ्या पार्किंगमध्ये फार वेगाने जातं. एकदा पेट्रोलचोर म्हटलं की प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, गोकुळपेठ, सगळीकडे तो पेट्रोलचोर. मग तो मेला तरी पेट्रोलचोरच मेला.

सोमवारी सकाळी सात वाजता त्याने गाडी वाडीला नेली. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे अंकुशचं गॅरेज. अंकुश त्याचा मावसभाऊ, वयाने लहान, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून.

"जय भीम, दादा. मोठ्या लोकायची गाडी घेऊन गरिबाच्या गॅरेजात?"

"जय भीम. मस्करी नोको करू गा. मले पाच वाजेपर्यंत मिसिंग पकडून दे."

अंकुशने गोष्ट ऐकली, एक शिवी हासडली आणि स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे मोबाइलएवढं यंत्र. गाडीला जोडलं की गाडीने स्वतःबद्दल काय काय टिपून ठेवलंय ते वाचून दाखवतं. अंकुशने पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पाह्य. तीन नंबरचं सिलिंडर. फक्त तीन नंबर. बाकी तीन एकदम साफ."

"म्हंजे?"

"म्हंजे तुह्या सरचं घासलेट गेलं उडत. टाकी एक, पेट्रोल एक. भेसळ असती तं चारही खोकलले असते ना? घासलेट काय तीन नंबरचं घर विचारत विचारत जाते?"

संघपालच्या छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं. पण अर्धंच. "सर हे मानणार नाही. म्हणतील, भावाच्या गॅरेजातून लिहून आणलं. मले त्यायच्या डोळ्यासमोर मिसिंग मारून दाखवाची आहे, अन् बंद करूनही."

मग शोध सुरू झाला. तो करायची रीत साधी, पण धीराची. सिलिंडरला ठिणगी देते ती कॉइल. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावायची, एकची तीनला. आता मिसिंग एक नंबरला गेली तर दोष कॉइलचा. तीनलाच राहिली तर कॉइल निर्दोष सुटली. तसंच प्लगचं: तीनचा प्लग दोनला, दोनचा तीनला. एकेका संशयिताला जागा बदलायला लावायची आणि गुन्हा कोणाच्या मागे जातो ते बघायचं. सरांनी कागद बघून एका मिनिटात निकाल दिला होता. इथे अंकुश एका साध्या प्लगलाही पुराव्याशिवाय दोषी ठरवायला तयार नव्हता.

पण या सगळ्यासाठी मिसिंग यायला तर हवी! अंकुशने कॉइल आणि प्लग दोन्हींच्या जागा बदलल्या आणि बॉनेट उघडं टाकून इंजिन चालू ठेवलं. अर्धा तास. एक तास. रेस दिली, सोडली, परत दिली. इंजिन आपलं शहाण्या पोरासारखं गुरगुरत राहिलं. नऊ वाजले, अकरा वाजले. बाजूला एका मालवाहू गाडीचं काम अडलं होतं, तिचा मालक येऊन बडबडून गेला. अंकुशने कंटाळून पाना फेकला.

"दादा, गाडी ठीक आहे गा. काय धरू मी? ही तं बोलूनच नाही राहिली."

"ते मी बसतो तवा बोलत नाही. सर बसले तवाच बोलते."

"मंग सरले घेऊन ये."

"अंकुश!"

"बरं बाप्पा. चाल, रोडवर घेऊ."

दुपारचे दोन. मे महिना. अमरावती रोडवर डांबर मऊ पडलेलं, ट्रकांची रांग, काचा खाली केल्या तर झळ आणि वर केल्या तर भट्टी. संघपाल चालवतोय, अंकुश शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन. तीनदा गेले, तीनदा आले. अंकुशचा शर्ट पाठीला चिकटला.

"एसी लाव ना गा. मरून राहिलो मी."

"सर नसले का एसी नाही लावत."

"काहून? बिघडला?"

"बिघडला नाही. नियम आहे."

नियम सुमतीबाईंचा, नोकरीच्या पहिल्या दिवसाचा. सुमतीबाई म्हणजे सरांच्या पत्नी. बोलायला अगदी गोड. "संघपाल, तू एकटा असशील तेव्हा एसी लावायचा नाही हं. उगाच पेट्रोल जळतं." बस्, एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि संघपालने तो कधी मोडला नाही. क्लासबाहेर तीन तीन तास उभं राहायचं तर तो कडुनिंबाखाली जाऊन बसायचा. बाकीचे ड्रायव्हर काचा लावून गारव्यात झोपा काढायचे आणि त्याला बावळट म्हणायचे.

अंकुशला हे ऐकून आधी खरंच वाटेना. "अकरा वर्षं? उन्हाळ्यात? अन् पाहून कोण राहिलं होतं तुले?"

"मी पाहून राहिलो होतो ना."

"धन्य आहे बाबा तुही," अंकुश म्हणाला आणि सरळ हात लांब करून त्याने बटण दाबलं.

गार हवेचा झोत तोंडावर आला. पुढे रस्त्यात एक कंटेनर आडवा वळत होता, म्हणून संघपालने गाडी थांबवली. आणि ठक. परत ठक. गाडी थरथरली, स्टिअरिंग हातात नाचलं, समोर पिवळा दिवा लागला. संघपालचा हात सवयीने गेला आणि त्याने एसी बंद केला. थरथर थांबली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून ट्रकवाला भोंगा बडवत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग सर गाडीत नसताना, अकरा वर्षांत पहिल्यांदा, संघपालने स्वतःच्या बोटाने ते बटण दाबलं.

ठक. ठक. ठक.

"तीन नंबर!" अंकुश स्कॅनरवर जवळजवळ नाचलाच. "कॉइल एकले लावली, तरी तीनच! प्लग दोनले दिला, तरी तीनच! दादा, सापडलं गा!"

संघपाल मात्र हसला नाही. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर एक जोराचा तडाखा दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. आता त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. सर बसले की एसी चालू. सर उतरले की एसी बंद. गाडीला सरांचं काही पडलेलं नव्हतं, संघपालचंही नव्हतं, तिला फक्त एसीचं पडलं होतं. सर्व्हिस सेंटरमधल्या पोरांनी बॉनेट उघडं ठेवून गाडी तपासली, तेव्हा एसी कशाला लावतील? आणि ज्याने लावून बघायला हवा होता तो तर इमानदारीचं व्रत घेऊन कडुनिंबाखाली बसला होता. एकदा, फक्त एकदा त्याने चोरून एसी लावला असता तर पहिल्याच आठवड्यात हे कळलं असतं. तो चोर ठरला होता कारण त्याने चोरी केली नव्हती. हे पचवायला गॅरेजात परतल्यावर त्याला दोन ग्लास पाणी लागलं.

बाकीचं काम मग अर्ध्या तासाचं होतं. एसी लागला की इंजिनावर भार येतो आणि इंजिन आपल्या जागी किंचित तिरकं होतं, बोटभरही नाही. अंकुशने तीन नंबरच्या कॉइलकडे जाणारी तार धरून बघितली. तिला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप मागच्या सर्व्हिसमध्ये कोणीतरी लावायचीच विसरलं होतं. तार मोकळी लोंबत होती, पत्र्याच्या कडेला घासून घासून सोलली होती, आतले तांब्याचे केसासारखे तंतू तुटले होते आणि त्यांची टोकं एकमेकांना जेमतेम टेकून होती. इंजिन तिरकं झालं की तीही सुटायची. ठिणगी बंद, सिलिंडर बंद.

अंकुशने जोडायला नवी तार काढली. संघपालने त्याचं मनगट धरलं.

"नोको जोडू."

"काहून?"

"आता जोडली तं ते म्हणतील, रातोरात पेट्रोल बदललं. आहे तशीच राहू दे. सरले दाखवतो."

पाचला दहा मिनिटं कमी असताना गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. गणपतराव खुर्चीवर, दोन्ही ड्रायव्हर हजर, आणि आज तिसराही कोणी आला होता. बातमी पसरायला एवढा वेळ पुरतो. सर खाली आले, मागे सुमतीबाई.

"मिळालं का उत्तर?" सरांनी विचारलं.

"मिळालं. चला, सर. पुढं बसा."

सर या गाडीत पुढे कधी बसले नव्हते. सीट मागेपुढे कशी करतात तेही त्यांना माहीत नव्हतं. संघपालने काचा खाली केल्या आणि गाडी काढली. पहिल्या सिग्नलवर सरांनी रुमाल काढला. दुसऱ्या सिग्नलवर भेसळीच्या त्याच कागदाने वारा घ्यायला सुरुवात केली.

"अरे, एसी लाव."

"थोडा वेळ नाही, सर. आधी पाहून घ्या. मिसिंग आहे का?"

"नाही."

"पेट्रोल कालचंच आहे. टाकी मी उघडली नाही. ड्रायव्हर तोच. तुमी बसले आहा. मंग काहून नाही खोकलत?"

चार सिग्नल झाले. सरांच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. पाचव्या सिग्नलच्या अलीकडे, एका मोकळ्या बोळात संघपालने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता एसीचं बटण तुमीच दाबा. मी हात लावत नाही, नाहीतं म्हणाल यानंच काही केलं."

सरांनी बटण दाबलं. ठक. गाडी हादरली. सर दचकले. त्यांनी बटण बंद केलं, गाडी शांत. परत चालू, ठक. परत बंद, शांत. चौथ्यांदा बटण दाबताना त्यांच्या चेहऱ्यावरचा मालक गेला आणि मास्तर आला. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे तीस वर्षं ते पोरांना शिकवत आले होते.

संघपालने बॉनेट उघडून ती सोललेली तार दाखवली. तीन नंबर कसा कळला, कॉइल कशी निर्दोष सुटली, प्लग कसा सुटला, सगळं सांगितलं. सर चष्मा पुसून पुसून बघत होते.

"पण मग हे सर्व्हिस सेंटरला कसं नाही सापडलं?"

"त्यायनं एसी लावला नसन. तुमी एसीबिगर बसले नाही. अन् मले एकट्यात एसी लावाची परवानगी नव्हती."

"अरे, पण कधीतरी लावलाच असशील की."

"नाही, सर. एकदाही नाही."

हे ऐकून सरांनी बॉनेट खाली ओढून बंद केलं. नियम त्यांनाही ठाऊक होता. तो कोणी खरोखर पाळत असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

परत येताना एका वळणावर ते हळूच म्हणाले, "संघपाल, माझी चूक झाली. मी घाईने बोललो. झालं गेलं विसरून जा."

संघपालने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "इथं नाही, सर. पार्किंगमध्ये."

"आता लोकांसमोर परत तमाशा कशाला?"

"तमाशा मी केला नव्हता."

"मी मनापासून म्हणतोय."

"मनात तं काल तुमी बोललेच नव्हते, सर. मोठ्यानं बोलले होते."

गाडी पार्किंगमध्ये आली. सगळे होते तिथेच होते, उलट दोन जास्त. सर उतरले, कोणाकडे न बघता लिफ्टकडे निघाले. संघपालही उतरला. सर लिफ्टपर्यंत पोचले, बटण दाबलं. सुमतीबाईंनी उगाच हसून म्हटलं, "मिटलं ना सगळं? चला, बरं झालं. संघपाल, उद्या वेळेवर ये हं."

"मिटलं नाही, बाई," संघपाल म्हणाला. आणि मग सरांच्या पाठीकडे बघून, भिंतींवर घुमेल इतक्या मोठ्याने, "सर! मी इथंच उभा आहो."

लिफ्ट आली. दार उघडलं. सर दाराशी उभे. कोणी हललं नाही. ते आत जातील असंच सगळ्यांना वाटलं, संघपाललाही वाटलं. दार मिटलं आणि लिफ्ट रिकामी वर गेली.

सर वळले. त्यांना चार पावलं चालत यायला बराच वेळ लागला; गुडघे दुखत होते, आणि फक्त गुडघेच नाही.

"काल मी इथे संघपालला चोर म्हणालो," सर म्हणाले. आवाज कापत होता, पण खाली आला नाही. "ते खोटं होतं. पेट्रोलमध्ये काही नव्हतं. तार तुटली होती. ती त्याने शोधली. संघपालने चोरी केलेली नाही. मी... मी त्याची माफी मागतो."

गणपतराव खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. कधी उठले ते त्यांनाही कळलं नसेल. सुमतीबाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या, ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

संघपालने चावी सरांच्या हातात दिली. "तार अजून तुटलेलीच आहे. अंकुशचा नंबर गणपतरावपाशी ठेवला. अर्ध्या घंट्याचं काम आहे. तवापर्यंत एसी नोका लावू."

"आणि तू? उद्या?"

"उद्यापासून दुसरा माणूस पाहा, सर."

"अरे, मी सगळ्यांसमोर माफी मागितली. अजूनही राग आहे?"

"आहे ना. अकरा वर्षं होतो मी तुमच्याजवळ. तुमी कागदाले विचारलं, मले नाही विचारलं. नाव माह्यं वापस भेटलं, ते घेऊन चाललो. राग आपोआप जाईन तवा जाईन."

संघपालने सीटखालची आपली पाण्याची बाटली घेतली, डब्याची पिशवी घेतली आणि फाटकाकडे निघाला. उद्या काय, हे त्याला अजिबात माहीत नव्हतं. तरीही पाय हलके पडत होते आणि मान वर होती, हे त्याचं त्यालाच जाणवत होतं.

गणपतराव त्याच्या पुढे झाले. पायी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बाजूला एक छोटं दार होतं. अकरा वर्षं संघपाल पायी आला की त्यातूनच वाकून यायचा. गणपतरावांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मोठ्या फाटकाची कडी काढली आणि दोन्ही दारं पूर्ण उघडली, गाडी जायला उघडतात तशी.

"अजी, मी तं पायीच जाऊन राहिलो," संघपाल म्हणाला.

"दिसून राहिलं मले," गणपतराव म्हणाले आणि फाटक धरून उभे राहिले.